नोकरी करता करता पीजी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नर्स, फिजिओ आणि सोशल वर्कवाल्यांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा परवा फोन आला. सीएचओ म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून तीन वर्षं झाली तिला. म्हणाली, "ताई, मी एमपीएच करूलालोय, फी भरून आलो आज." एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स डिग्री. कुठं गं म्हणून विचारलं तर कॉलेजचं नाव सांगितलं, पण डिग्री कुठली युनिव्हर्सिटी देणार ते तिला माहीत नव्हतं, क्लास कधी तेही नाही, "यायची गरज नाही, परीक्षेला तेवढं या" एवढंच तिला सांगितलेलं. पावती साध्या कागदावर, वर शिक्का नाही. रात्रभर मला झोप लागली नाही, कारण हीच चूक होताना मी आजवर कितीतरी जणींची बघितली आहे, आणि दर वेळी ती पगारातनं वाचवलेल्या पैशाची असते. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं.

मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक म्हणजे त्यावरची बीएससी, मग एमएससी नर्सिंग कम्युनिटी हेल्थ. सगळं बेळगावात राहून, नोकरी आणि घर सांभाळत. नर्सिंगचं जास्त लिहीन कारण तेच जवळून माहिती आहे, पण फिजिओ आणि एमएसडब्ल्यू म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्सवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सगळ्यात आधी: कोर्स बाजूला ठेवा, काम ठरवा

"ताई कुठला कोर्स चांगला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि त्याला उत्तर नाही. पाच वर्षांनी सकाळी नऊ वाजता तुम्हाला कुठं उभं राहायचंय ते आधी बघा. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएससी नर्सिंग पाहिजेच, त्याला दुसरी वाट नाही, आणि त्यात पाच विषय असतात, मेडिकल सर्जिकल, चाइल्ड हेल्थ, ओबीजी म्हणजे बाळंतपण आणि स्त्रीरोग, कम्युनिटी आणि सायकियाट्रिक. पेशंटच्या बेडजवळच राहायचं असेल, आयसीयू आवडत असेल, तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आहे, नाहीतर एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत, ऑन्कॉलॉजी, निओनेटल, क्रिटिकल केअर असे. यांची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, पण हाताला कौशल्य देणारं शिक्षण आहे आणि मला ते मनापासून चांगलं वाटतं. प्रोग्रॅममध्ये, डिस्ट्रिक्ट लेव्हलला, सर्व्हे आणि डेटाचं काम करायचं असेल तर एमपीएच. फिजिओला बीपीटी या डिग्रीनंतर दोन वर्षांची एमपीटी ही मास्टर्स. आणि हॉस्पिटलमधला सोशल वर्कर, काउन्सेलर, बाल संरक्षण, महिलांची प्रकरणं असं काम असेल तर एमएसडब्ल्यू, ज्याला कुठलीही डिग्री चालते, म्हणजे बीए झालेली आशा फॅसिलिटेटर किंवा अंगणवाडी ताईसुद्धा करू शकते. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

डॉक्टरांचं नीट-पीजीचं वेगळंच जग आहे, त्यात मी शिरत नाही.

इथं एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती नर्सना हे माहीत आहे मला शंका आहे. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर उपयोग होतो का, याचा एक मोठा अभ्यास बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला, बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या लोकांनी परदेशातल्या संशोधकांबरोबर केला, १६२० बायका त्यात होत्या, आणि गोळ्या देणाऱ्या, रक्त मोजणाऱ्या कोण तर आपल्या एएनएम, म्हणजे सबसेंटरच्या सिस्टरबाई. जास्त रक्तस्राव बनावट गोळी मिळालेल्यांत १२ टक्के जणींना झाला, खरी मिळालेल्यांत ६.४ टक्के. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर त्याचा आधार घेतला गेला. म्हणजे प्रश्न आपल्या गावातला, हात आपल्या सिस्टरबाईंचे. पीजीला गेल्यावर "मला काय रिसर्च जमणार" असं जिला वाटतं तिनं हे लक्षात ठेवायचं.

शिडी कशी आहे

एएनएमवरून थेट एमएससी होत नाही. एएनएम असाल तर जीएनएम तीन वर्षं, मग पोस्ट बेसिक बीएससी दोन वर्षं, मग एमएससी दोन वर्षं. एमएससीला इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं बीएससी किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५ टक्के सूट, रजिस्टर्ड नर्स आणि मिडवाइफ असायला पाहिजे आणि एक वर्षाचा अनुभव पाहिजे. बेसिक बीएससीवाल्यांचा अनुभव डिग्रीनंतरचा धरतात, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचा किंवा नंतरचा दोन्ही चालतो. टक्केवारी काढताना शेवटच्या वर्षाची बघू नका, सगळ्या वर्षांची मिळून काढा, ५४.६ ला ५५ कुणी करून देत नाही.

मान्यता: इथंच लोक फसतात

आता फोनवालीचं प्रकरण. फी भरण्याआधी तीन ठिकाणी बघायचं. कॉलेज कुठल्या युनिव्हर्सिटीशी जोडलेलं आहे, आपल्याकडे बहुतेक नर्सिंग कॉलेजं बेंगळूरच्या राजीव गांधी युनिव्हर्सिटीला म्हणजे आरजीयूएचएसला आहेत, तिच्या साइटवर कॉलेजचं नाव आहे का, आणि नुसतं कॉलेज नाही, तुमचा विषय आणि त्याच्या सीटा या वर्षीसाठी आहेत का. दुसरं, राज्य नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत काय आहे. तिसरं, त्या कॉलेजातनं गेल्या दोन वर्षांत पास झालेली एक तरी मुलगी शोधून तिला विचारायचं, तुझं ॲडिशनल क्वालिफिकेशन रजिस्टर झालं का, म्हणजे नवी डिग्री कौन्सिलमध्ये नोंदली गेली का. हे तिसरं सगळ्यात पक्कं. बेळगावातच नेहरूनगरला केएलईचं डीम्ड विद्यापीठ आहे, तिथं नर्सिंग, फिजिओ, पब्लिक हेल्थ सगळंच आहे, त्यांची प्रवेश परीक्षा आणि फी स्वतःची वेगळी असते, त्यामुळे त्याची तारीख वेगळी लिहून ठेवा.

आणि डिस्टन्स. नर्सिंग, फिजिओथेरपी, पॅरामेडिकल हे कोर्स डिस्टन्सनं करायला यूजीसीची मनाईच आहे, आणि २०२५ पासून तर ॲलाइड हेल्थच्या २०२१ च्या कायद्यात येणारे विषय, सायकॉलॉजी आणि न्यूट्रिशनसुद्धा, डिस्टन्स-ऑनलाइन प्रवेशातनं काढलेत. त्यामुळे "घरबसल्या एमएससी नर्सिंग" असं कुणी म्हणालं की तिथंच उठायचं. डिस्टन्सनं काहीही घ्यायचं असलं तर त्या सेशनला, त्याच कोर्सला परवानगी आहे का हे यूजीसीच्या डिस्टन्स ब्युरोच्या साइटवर बघायचं आणि प्रवेशाला लागणारा डेब आयडी, म्हणजे त्याच ब्युरोचा विद्यार्थी नंबर, स्वतःच्या मोबाइलवरनं स्वतः काढायचा, एजंटला काढू द्यायचा नाही.

नॉन-अटेंडिंगबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. "हजेरी आम्ही बघतो" म्हणणारी कॉलेजं आहेत आणि घरी लेकरू, नाइट ड्यूटी, सासूबाईंचं आजारपण, या सगळ्यात ते किती सोयीचं वाटतं ते मला पुरतं कळतं. पण एमएससीच्या दोन वर्षांत क्लिनिकल पोस्टिंगमध्ये मी जे शिकलो ते पुस्तकात नव्हतं, आणि उद्या तुमच्या हाताखाली विद्यार्थिनी उभ्या राहतील तेव्हा त्यांना काय दाखवणार. शिवाय तुमची नोकरीची हजेरी आणि कॉलेजची हजेरी एकाच तारखेला एकाच वेळी दोन गावांत दिसली तर ते कागद आयुष्यभर तुमच्या मानेवर राहतात.

एमएसडब्ल्यूला बेळगावची राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी आहे, आणि धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटी. आठवड्यातले काही दिवस फील्डवर्क असतं, ते चुकवून एमएसडब्ल्यूला काही अर्थ उरत नाही. मानसिक आरोग्याकडे जायचं असेल तर थोडं सांभाळून. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणजे एमएसडब्ल्यू अधिक दोन वर्षांचं एमफिल अशी व्याख्या आहे, आणि यूजीसीनं एमफिल बंद करताना या कोर्सला फक्त २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांसाठी सवलत दिली. म्हणून आता जाणाऱ्यांनी बेंगळूरचं निम्हान्स किंवा धारवाडचं डिम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्था, त्यांचं चालू वर्षाचं नोटिफिकेशन स्वतः वाचल्याशिवाय काही ठरवू नका, सीनियरनं सांगितलेलं जुनं असू शकतं.

कागदपत्रं, आणि माझं गेलेलं एक वर्ष

माझं एक वर्ष एका कागदामुळं गेलं. पहिली नोकरी एका खाजगी हॉस्पिटलात होती, सोडताना अनुभवाचं पत्र घेतलं, फाइलीत ठेवलं, खूश झालो. चार वर्षांनी प्रवेशाच्या वेळी टेबलापलीकडच्या मॅडमनी ते उजेडात धरलं आणि विचारलं, "कधीपासून कधीपर्यंत?" पत्रात लिहिलेलं, या आमच्याकडे काम करत होत्या आणि यांची वर्तणूक चांगली आहे. बस्स. तारखा नाहीत, पद नाही, वॉर्ड नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही, बेड किती ते नाही. परत गेलो तर तिथलं मॅनेजमेंट बदललेलं, जुनं रजिस्टर सापडेना. सीट गेली.

म्हणून आजच, ज्या हॉस्पिटलात आहात तिथं असतानाच, लेटरहेडवर पत्र मागा. रुजू तारीख, सोडल्याची किंवा "आजपर्यंत", पद, विभाग, पूर्ण वेळ, हॉस्पिटलच्या बेडची संख्या, तुमचा कौन्सिल नंबर, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, जावक नंबर, गोल शिक्का. सोबत पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक. रोख पगार घेत असाल तर निदान बँकेत घ्यायला सुरुवात करा.

दुसरी गोष्ट नाव. आपल्या भागात ही डोकेदुखी फार आहे. एसएसएलसी म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर एक नाव, आधारवर कानडीतनं इंग्रजीत गेलेलं दुसरं, जीएनएमच्या सर्टिफिकेटवर बापाचं नुसतं इनिशियल, लग्नानंतर आडनाव तिसरं. कुठं सावंत शेवटी टी, कुठं टीएच. आणि गावाचं नाव २०१४ च्या नोव्हेंबरपासून बेळगावी झाल्यामुळं जुन्या-नव्या कागदांवर तेही वेगळं, त्याचं फारसं कुणी अडवत नाही पण नावाचं अडवतात. एसएसएलसीवरचं नाव मूळ धरायचं आणि बाकी सगळं त्याला जुळवायचं, आधार आधी, मग कौन्सिल. लग्नानंतर नाव बदलायचंच असेल तर कौन्सिलमध्ये, बँकेत, पॅनमध्ये सगळीकडे एकदम बदला, अर्धवट ठेवू नका. ॲफिडेव्हिटनं काम भागतं असं लोक म्हणतात, काही ठिकाणी भागतं, काही ठिकाणी नाही.

रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का बघा. महाराष्ट्र कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असून कर्नाटकात काम करणाऱ्या, किंवा उलट, अशा खूप जणी निपाणी-चंदगड पट्ट्यात आहेत. दुसऱ्या राज्यात शिकायचं तर आधीच्या कौन्सिलकडून एनओसी घेऊन इकडं नोंद करायला लागते, आणि याला वेळ लागतो, प्रवेशाच्या आठवड्यात पळापळ करून होत नाही.

कर्नाटक की महाराष्ट्र

भावना बाजूला ठेवून बोलतो. मराठीत शिकायला मिळेल म्हणून कोल्हापूर-मिरजेला जाणारे असतात, पण पीजी दोन्हीकडे इंग्रजीतच आहे. वॉर्डात मात्र फरक पडतो, बेळगावच्या सिव्हिलमध्ये कानडी, मराठी, उर्दू तिन्ही लागतात आणि ते येणं ही तुमची ताकद आहे, ती कुठल्याही बायोडेटात लिहा.

कर्नाटकात सरकारी कोट्याच्या सीटा केईए म्हणजे राज्याच्या परीक्षा प्राधिकरणामार्फत भरतात, तिची साइट उन्हाळ्यापासून बघत राहायची. कर्नाटकात ठरावीक वर्षं शिकल्याचे दाखले लागतात, त्यावर बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची सही घ्यावी लागते, आणि शाळा मराठी माध्यमाची होती म्हणून काही बिघडत नाही, ती कर्नाटकात होती एवढं बघतात. ज्यांनी दहावी-बारावी चंदगड किंवा कागलला केली त्यांनी मात्र नियम आधी वाचावा. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, आरडी नंबर म्हणजे दाखल्याचा नोंद नंबर असलेला, नवीन. मराठा समाज इथं मागासवर्गीयांच्या ३बी गटात येतो. हाच दाखला पलीकडे चालत नाही, महाराष्ट्राचा इकडे चालत नाही. अजून एक, ३७१जे चं, म्हणजे राज्यघटनेच्या त्या कलमाखालचं कल्याण कर्नाटकाचं आरक्षण बेळगावला नाही. ते कलबुर्गी, बीदर, रायचूर, यादगीर, कोप्पळ, बळ्ळारी, विजयनगर या जिल्ह्यांचं, दर वर्षी कुणीतरी चुकून ती टिक करतं आणि फॉर्म अडकतो.

महाराष्ट्रात सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक मुलांसाठी काही कोर्सेसना वेगळी तरतूद असते. सगळ्या पीजीला नसते. ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत तुमच्या कोर्सचं पान काढून बघा, आणि तुमचं गाव यादीत कुठल्या नावानं आहे तेही.

प्रवासाचं पण गणित करा, कारण बायकांसाठी तेच खूप काही ठरवतं. धारवाड बेळगावहून ८० किलोमीटरच्या आसपास, आणि शक्ती योजनेमुळं २०२३ च्या जूनपासून साध्या बसला तिकीट नाही, कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार दाखवायचं. कोल्हापूर ११० च्या आसपास, पण आंतरराज्य गाडीला शक्ती चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीतलं अर्धं तिकीट त्यांच्या हद्दीपुरतं. रोज जाऊन-येऊन एमएससी होत नाही, एवढं मात्र दोन्हीकडचं खरं. हॉस्टेल किंवा नातेवाईक बघाच.

पैसे

कॉलेजला ट्यूशन फी विचारू नका, "दोन वर्षांत मला एकूण किती लागणार" हे लेखी विचारा. परीक्षा फी, बाहेरच्या पोस्टिंगचा खर्च, युनिफॉर्म, बस, थिसिसची छपाई, सगळं वेगळं निघतं. एमएससी नर्सिंगला स्टायपेंड असेलच असं धरून चालू नका. ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतात का तेही विचारा, आणि दिली तर पोच घ्या.

शिक्षण कर्जाला ४ लाखांपर्यंत साधारण तारण मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमीची योजना आहे. मॅनेजर "शेत लावा" म्हणाला तर हे शांतपणे विचारा. पीएम विद्यालक्ष्मीत ठरावीक संस्थांच्या यादीत तुमचं कॉलेज असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. कर्नाटकातली स्कॉलरशिप एसएसपी या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर. सोनं ठेवून फी भरणं ही आपल्याकडची रीत आहे, मी पण केलं, पण आधी बँकेत दोन चकरा मारा.

नोकरीत असताना

सरकारी असाल तर डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसातनं एनओसी आणि डेप्युटेशनचं प्रकरण अर्जाच्या आधी हलवायला लागतं, प्रवेश मिळाल्यावर नाही. एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी आपलं करारपत्र उघडून वाचा, अभ्यास रजा त्यात बहुतेक नसतेच. नोकरी सोडायची असेल तर नोटीस नीट देऊन, सुटकेचं पत्र घेऊनच सोडा, भांडून नको, कारण तेच अनुभवाचं पत्र पुढं लागणार. घरच्यांना दोन वर्षांचं कॅलेंडर दाखवून सांगा, परीक्षा कधी, पोस्टिंग कधी, लेकराला शाळेतनं आणणार कोण. आमच्या घरी हे भिंतीवर लिहून लावलेलं आणि त्यानं फार भांडणं वाचली.

आत गेल्यावर: थिसिस

पहिल्या काही महिन्यांतच सिनॉप्सिस म्हणजे थिसिसचा आराखडा मागतात, म्हणून विषय जाण्याआधीच मनात असू द्या, तुमच्याच वॉर्डातला, तुमच्याच सबसेंटरमधला. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आठवड्याला एक पेपर, फक्त सारांश, डिक्शनरी घेऊन. संशोधन पद्धतीसाठी आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा बेसिक कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर असतो, शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला फी.

एथिक्स कमिटीची परवानगी आल्याशिवाय एकही फॉर्म भरून घ्यायचा नाही. आणि संमतीपत्र पेशंटच्या भाषेत पाहिजे, म्हणजे आपल्याकडे कानडीत आणि मराठीत दोन्ही, कधी उर्दूतही. भाषांतर एकानं करायचं, दुसऱ्यानं ते न बघता परत इंग्रजीत आणायचं, मग जुळवायचं. मी प्रश्नावलीत "आपणास निद्रानाशाचा त्रास होतो का?" लिहिलेलं, पुस्तकातनं उचलून. नंदगडच्या बाजूला एका आजीला वाचून दाखवलं, ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. सोबतच्या आशाताई म्हणाल्या, "आज्जी, रातीला डोळा लागतो काय?" आणि आजी बोलायला लागली ती थांबेना, सून, गुडघे, गेलेला लेक, सगळं. त्या दिवशी संध्याकाळी बसून मी बावीसपैकी चौदा प्रश्न बदलले आणि परत कमिटीकडे पाठवले, तीन आठवडे गेले, पण मिळालेली उत्तरं खरी होती. तुमच्या प्रश्नावलीचं आधीच कुणी मराठी-कानडी भाषांतर करून तपासलंय का तेही शोधा, असेल तर परवानगी मागून तेच वापरा.

पास झाल्यावर कामं दोन राहतात. युनिव्हर्सिटीचं प्रोव्हिजनल आणि मार्क्स कार्ड आलं की कौन्सिलमध्ये ॲडिशनल क्वालिफिकेशनची नोंद करून घ्या, ती झाल्याशिवाय शिकवायच्या नोकरीला अर्ज केला तर परत पाठवतात. आणि कॉलेजकडे ठेवलेली ओरिजिनलं त्याच दिवशी मोजून परत घ्या, यादी हातात धरून, एक एक कागद.